घरासाठी स्वस्तातला डीप फ्रीजर: खरेदीच्या विचारापासून रोजच्या वापरापर्यंत

दुकानात जाऊन ‘डीप फ्रीजर दाखवा’ म्हटलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न येतो, ‘आइस्क्रीमसाठी का?’ आपल्याकडे ही वरून उघडणारी आडवी पेटी घरापेक्षा दुकानात जास्त दिसते, त्यामुळे त्याचंही चुकत नाही. पण किनारपट्टीवरची मासेखाऊ घरं, स्वतःची आंब्याची कलमं असलेली मंडळी, पुरणपोळ्या आणि अळूवड्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायका, दहा-बारा माणसांची एकत्र कुटुंबं अशा बऱ्याच जणांना नेहमीच्या फ्रिजचा वरचा कप्पा पुरत नाही. त्यांच्यासाठी हा लेख आहे. रोख घरगुती वापरावर आणि खिशाला झेपेल अशा खरेदीवर आहे.

आधी हिशोब, मग दुकान

डीप फ्रीजर घ्यायचं सगळ्यात लोकप्रिय कारण म्हणजे मटार. हिवाळ्यात तीस-चाळीस रुपये किलोने मिळणाऱ्या शेंगा सोलून वर्षभर वापरायच्या, ही कल्पना छानच आहे. आता गणित मांडू. वीस किलो शेंगा सोलल्या की नऊ-दहा किलो दाणे निघतात. म्हणजे सहाशे ते आठशे रुपयांत दहा किलो दाणे, सोलायची मेहनत वेगळी. तेवढेच गोठवलेले दाणे बाजारातून पाकिटात घेतले तर बारा-पंधराशे रुपये होतील. वाचले फार तर नऊशे. आणि फ्रीजर वर्षाला चार-पाच हजारांची वीज खाणार. तेव्हा नुसत्या मटारसाठी हे यंत्र घेऊ नका. मटार हा फ्रीजर असलेल्याला मिळणारा वरचा फायदा आहे, फ्रीजर घेण्याचं कारण नव्हे.

हिशोब बसतो तो दुसरीकडे. राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात ताजा मासा महाग होतो आणि मिळेलच याची खात्री नसते. मे महिन्यात सुरमई, कोळंबी स्वच्छ करून ठेवली तर पावसाळ्याची सोय होते. घरच्या बागेतला हापूस शेवटी शेवटी एकदम पिकतो, तेव्हा रस काढून ठेवण्यावाचून पर्याय नसतो. ओले काजूगर, फणसाचे गरे, खवलेला नारळ यांचंही तेच. घरगुती ऑर्डरी घेत असाल तर गणपती-दिवाळीच्या आधीची दोन-तीन आठवड्यांची तयारी फ्रीजरमुळे शक्य होते. (खाद्यपदार्थ विकत असाल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, ती आधी करून घ्या.) आणखी एक कारण कुणी उघड बोलत नाही, पण बऱ्याच घरांत तेच खरं असतं: मासे-मटण घरच्या फ्रिजमध्ये सासूबाईंना चालत नाही. श्रावणात तर नाहीच. वेगळी पेटी आली की हा रोजचा वाद मिटतो, आणि त्याची किंमत ज्याची त्याने ठरवावी.

एक कागद घ्या आणि पेटीत नेमकं काय, किती आणि कोणत्या महिन्यात जाईल ते लिहा. यादी चार ओळींत संपली तर घरातला डबल डोअर फ्रिज आवरून बघा. त्याचा वरचा कप्पाही उणे १८ अंशांपर्यंत जातो. सिंगल डोअर फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यावर मात्र महिनोन्महिन्यांच्या साठवणीसाठी विसंबू नका.

किती लिटरचा?

यादीवरूनच माप काढायचं. अर्धा किलो मटारची पिशवी साधारण एक लिटर जागा घेते. पाच डझन हापूसचा रस सात-आठ किलो निघतो, त्याला आठ-नऊ लिटर लागतात. मासे पसरट पाकिटांत भरले तर किलोला दीड लिटर धरा. बेरीज करा आणि वर तिसरा हिस्सा जागा टोपल्या, फटी आणि हात घालायला सोडा.

चार-पाच माणसांच्या घराला १०० लिटरच्या आसपासची पेटी पुरते. त्यात व्यवस्थित रचून पस्तीस-चाळीस किलो माल राहतो, आणि तो थोडा नाही. एकत्र कुटुंब किंवा घरगुती व्यवसाय असेल तर १५० ते २०० लिटर. तीनशे लिटरच्या मॉडेलची किंमत बघून ‘थोडेच पैसे जास्त, मोठाच घेऊ’ असं दुकानदार हमखास सुचवतो. मोठी पेटी अर्धी रिकामी राहते, वीज जास्त घेते आणि तळाशी गेलेला माल दोन वर्षांनी सापडतो. छापील लिटरांतही दोन आकडे असतात, एकूण आणि वापरण्याजोगे. दुसरा विचारून घ्या.

जागा, दार आणि जिना

१०० लिटरची पेटी बाहेरून साधारण दोन-अडीच फूट रुंद, दोन फुटांच्या आतबाहेर खोल आणि पावणेतीन फूट उंच असते. मॉडेलप्रमाणे फरक पडतो, म्हणून माहितीपत्रकावरचे सेंटिमीटर टेपने आपल्या जमिनीवर आखून पाहा. झाकण वर उघडतं हे विसरलं जातं. वर भिंतीतलं कपाट किंवा मांडणी असेल तर झाकण अर्ध्यावर अडकेल. जिन्याचं वळण, लिफ्टचं दार आणि स्वयंपाकघराची चौकट हे तिन्ही मोजा.

बहुतेक चेस्ट फ्रीजरमध्ये, म्हणजे अशा आडव्या पेट्यांमध्ये, उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाहेरच्या पत्र्याच्या आतच बसवलेल्या असतात. म्हणून पेटीच्या बाजू गरम लागतात. पहिल्या दिवशी हात लावून घाबरलेले लोक सर्व्हिस सेंटरला फोन करतात, पण ते तसंच असायला हवं. ती उष्णता निघून जायला चारही बाजूंना दहा सेंटिमीटर मोकळी जागा लागते. पेटीला चिकटून तांदळाचा डबा किंवा कांद्याची गोणी ठेवू नका.

ड्राय बाल्कनी सोयीची वाटते, पण पावसाची झड येते का आणि दुपारी ऊन किती येतं ते बघा. कोकणात खाऱ्या, दमट हवेने तळाचा पत्रा गंजतो, तेव्हा पेटी चाकांच्या स्टँडवर ठेवलेली बरी. गॅसच्या शेगडीजवळ तर मुळीच नको. आणि घरात गुडघे किंवा कंबरेचं दुखणं असलेलं कुणी रोज फ्रीजर उघडणार असेल तर थांबून विचार करा. तळातली पिशवी काढायला वाकून हात खोल घालावा लागतो. अशा घराला कप्प्यांचा उभा फ्रीजर महाग पडला तरी योग्य.

झाकण पत्र्याचं की काचेचं

स्वस्तात घ्यायचं तर हा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा. दुकानात हार्ड टॉप आणि ग्लास टॉप असे दोन प्रकार दिसतात. काचेची सरकती झाकणं गिऱ्हाइकाला माल दिसावा म्हणून असतात. घरात कुणाला दाखवायचं आहे? काचेतून थंडावा जास्त निसटतो, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि दमट दिवसांत काचेवर पाणी धरतं. घरासाठी जाड इन्सुलेशनचं, कुलूप असलेलं, एकाच झाकणाचं हार्ड टॉप मॉडेल घ्या. दोन झाकणांच्या मोठ्या पेटीत मधल्या दांड्यामुळे परात किंवा मोठा डबा जात नाही.

कन्व्हर्टिबल म्हणजे बटण फिरवून फ्रीजरचा कूलर करता येणारं मॉडेल. लग्नकार्यात पाण्याच्या बाटल्या गार करायला बरं, बाकी वर्षभर ते बटण कुणी फिरवत नाही. त्यासाठी दोन-तीन हजार जास्त मोजू नयेत. आतला दिवा, डिजिटल आकडे हेही तसेच.

त्यापेक्षा या गोष्टी बघा. तळाला पाणी काढायचं भोक आणि बूच आहे का. किमान एक लटकती टोपली सोबत आहे का. आतला पत्रा कसला आहे, कडा नीट बंद आहेत का. झाकणाचं रबर तपासायला दहाची नोट झाकणात अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून झाकण लावा आणि ओढा. नोट अडून यायला हवी. चारही कोपऱ्यांवर, विशेषतः बिजागरीच्या बाजूला, हे करून बघा. नवीन मालातही एखाद्या कोपऱ्यात रबर दबलेलं निघतं.

माहितीपत्रकात हवामानाचा वर्ग दिलेला असतो. ‘एन’ वर्ग भोवतालच्या ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ ३८ पर्यंत आणि ‘टी’ ४३ पर्यंत काम करायला बनवलेला असतो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात हवा कुठे जाते ते सांगायला नको. तिथे ‘टी’ शिवाय दुसरं काही घेऊ नका, आणि तोही घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा.

आत गारवा तयार करणारा गॅस कोणता, हेही विचारा. आर-६००ए किंवा आर-२९० असेल तर चांगलं. हे वायू पर्यावरणाला बरेच सौम्य आहेत. जुना आर-१३४ए वातावरण तापवण्यात यांच्या कितीतरी पट पुढे आहे. नवे वायू ज्वालाग्राही असल्यामुळे दुरुस्तीला शिकलेला माणूसच बोलवावा लागतो, एवढी एक अट.

वीजबिलाचा टप्पा

चेस्ट फ्रीजरसाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०२० मध्ये स्टार लेबल सुरू केलं. ताऱ्यांपेक्षा त्यावर छापलेला वर्षाचा युनिटांचा आकडा वाचा आणि त्याला १२ ने भागा. १०० लिटरची हार्ड टॉप पेटी दिवसाला एक ते सव्वा युनिट घेते असं धरून चाला, उन्हाळ्यात आणखी थोडं. म्हणजे महिन्याला तीस-पस्तीस युनिट.

हे युनिट कोणत्या दराने लागतील, हा खरा प्रश्न. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर आणि १०१ ते ३०० ला त्याच्या दुपटीच्या आसपास दर असतो. तुमचा वापर महिन्याला ६० युनिट असेल तर फ्रीजरचे पस्तीस युनिट स्वस्त टप्प्यातच बसतात. आधीच १२० वापरत असाल तर सगळे पस्तीस महाग टप्प्यात पडतात. वर वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. त्या घरात महिन्याला चारशेच्या आसपास वाढ धरा. २९० वर असाल तर फ्रीजर तुम्हाला तिसऱ्या टप्प्यात ढकलेल. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटाचं मीटर असेल तर दर निराळे, पण टप्प्यांची पद्धत तीच. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढून मे महिन्याचा आकडा बघा, म्हणजे अंदाज चुकणार नाही.

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. काही मॉडेलवर ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असं लिहिलेलं असतं, पण सोबत व्होल्टेजची मर्यादाही छापलेली असते. ती १६० असेल आणि तुमच्याकडे १४० येत असेल तर त्या वाक्याचा उपयोग नाही. वीज परतल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून सुरू होणारा स्टॅबिलायझर घ्या. अर्थिंग नसलेल्या प्लगवर आणि एक्स्टेन्शन बोर्डावर फ्रीजर लावू नका. इन्व्हर्टरवर जोडायचीही गरज नाही, का ते पुढे येतंच.

किंमत, दुकान आणि घासाघीस

१०० लिटरच्या आसपासची साधी हार्ड टॉप पेटी साधारण तेरा ते अठरा हजारांत मिळते. दोनशे लिटरला वीस ते सव्वीस हजार धरा. व्होल्टास, ब्लू स्टार, हायर, रॉकवेल, वेस्टर्न ही नावं बाजारात सहज दिसतात. माझ्या मते घरगुती पेटीत कंपनीच्या नावापेक्षा तुमच्या तालुक्यात तिचा सर्व्हिसवाला आहे का, हे जास्त महत्त्वाचं. दुकानातूनच सर्व्हिस सेंटरला फोन लावा आणि ‘आमच्या पिनकोडला माणूस येतो का’ एवढंच विचारा.

चकचकीत शोरूममध्ये घरगुती आकाराची मॉडेलं कमी असतात. हॉटेल-कँटीनचं सामान आणि वॉटर कूलर विकणाऱ्या दुकानात जा, तिथे निवड जास्त आणि भावही तुटतो. फेब्रुवारी ते मे हा आइस्क्रीमवाल्यांचा हंगाम, तेव्हा दुकानदार हटत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर तोच माणूस स्टॅबिलायझर फुकट देतो. ऑनलाइन भाव थोडा कमी दिसला तरी पेटी तळमजल्यावर ठेवून टेम्पो निघून जाणार का, पोचे पडलेले निघाले तर परत कोण नेणार, हे वाचून मगच पैसे भरा.

वॉरंटीत साधारणपणे पूर्ण यंत्राला एक वर्ष आणि कॉम्प्रेसरला त्याहून जास्त वर्षं असतात. ‘कॉम्प्रेसरला पाच वर्षं’ म्हटलं तरी गॅस भरणं, थर्मोस्टॅट आणि मजुरी त्यात येतेच असं नाही. कार्डावर शिक्का, अनुक्रमांक आणि जीएसटीचं बिल घेतल्याशिवाय दुकान सोडू नका. घरगुती व्यवसायासाठी वापरणार असाल तर तेही विचारा, काही वॉरंट्या वापराप्रमाणे बदलतात.

जुना घ्यायचा विचार असेल तर दोन गोष्टी. आइस्क्रीम कंपनीचं नाव रंगवलेली पेटी बहुतेकदा कंपनीने दुकानदाराला वापरायला दिलेली असते, ती विकायचा त्याला हक्क नसतो. अशी पेटी कितीही स्वस्त मिळाली तरी नको. दुसरं, विकणाऱ्याला सांगा की मी येईपर्यंत फ्रीजर बंद आणि उघडा ठेव. तुमच्यासमोर सुरू करून दीड-दोन तास थांबा. आतल्या चारही भिंतींवर दंव सारखं धरलं पाहिजे. एका कोपऱ्यातच धरलं आणि बाकी भिंती नुसत्या गार राहिल्या तर गॅस कमी आहे. नव्याच्या निम्म्याहून जास्त किंमत सांगत असेल तर नवाच घ्या.

घरी आणल्यावर

टेम्पोत पेटी उभीच आणायची. आडवी झाली असेल तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं, म्हणून जागेवर ठेवून पाच-सहा तास तशीच राहू द्या, मग प्लग लावा. आतून सोड्याच्या कोमट पाण्याने पुसून घ्या आणि पूर्ण एक दिवस रिकामी चालवा. थर्मोस्टॅटच्या चकतीवर १ ते ७ असे आकडे असतात, ते अंश नव्हेत. दोन-तीनशे रुपयांचा फ्रीजर थर्मामीटर मधोमध ठेवा आणि उणे १८ येईपर्यंत चकती थोडी थोडी फिरवा.

पहिल्याच दिवशी वीस किलो माल कोंबण्याचा मोह होतो. १०० लिटरच्या पेटीत चोवीस तासांत चार-पाच किलोच नवा माल टाका. जास्त टाकला तर आधीचा गोठलेला मालही सैल पडतो आणि नवा हळू गोठतो. हळू गोठताना बर्फाचे कण मोठे होतात, पेशी फुटतात, आणि बाहेर काढल्यावर मासा पिचपिचीत लागतो. पाकिटं पातळ आणि पसरट करून भिंतीला टेकवून ठेवली की लवकर गोठतात. गोठल्यावर ती वह्यांसारखी उभी रचा, म्हणजे प्रत्येकाची कड वरून दिसते.

मटार उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं घालून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, कापडावर कोरडे करा, मग भरा. दाण्यातली विकरं (एन्झाइम) गोठवल्यावरही अगदी मंद काम करत राहतात, त्यांना थांबवण्यासाठी ही उकळी लागते. चिमूटभर साखर घालायची पद्धत चवीपुरती. कोळंबी साफ करून डब्यात बुडेल एवढं पाणी घालून गोठवा, कोरडी पडत नाही. सुरमई, पापलेट एका जेवणाला पुरतील एवढ्या तुकड्यांची पाकिटं करा. बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे दोन-तीन महिन्यांत संपवा, त्यांना खवट वास लवकर येतो. रस दुधाशिवाय भरा, आणि काचेच्या बरणीत नको, फुगून तडकते. अळूवडीचे उकडलेले उंडे उत्तम टिकतात. बटाट्याची भाजी आणि दही मात्र ठेवू नका, एकाचा स्पंज होतो, दुसरं फुटतं.

प्रत्येक पिशवीवर मार्करने नाव आणि तारीख. झाकणावर यादी चिकटवा आणि काढलं की खोडा. एकदा पूर्ण वितळलेला कच्चा मासा पुन्हा गोठवायचा नाही.

वीज गेली तर, आणि बर्फ साचला तर

गच्च भरलेली पेटी झाकण न उघडता दोन दिवस माल गोठलेला ठेवते, अर्धी भरलेली साधारण एक दिवस. आपल्या उन्हाळ्यात यातून थोडं वजा करा. म्हणून लोडशेडिंगच्या चार-सहा तासांची काळजी नको, फक्त ‘बघू काय झालंय’ म्हणून झाकण उघडू नका. रिकामी जागा उरली असेल तर तीन-चतुर्थांश पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या ठेवा. गावाला जाताना वाटीभर बर्फावर एक नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं बर्फाच्या तळाशी दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय, मासे-मटण टाकून द्या.

या पेट्यांत बर्फ आपोआप वितळत नाही. भिंतीवर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड थर झाला की काढायचा. पावसाळ्यात दमट हवेने तो लवकर धरतो, म्हणून सप्टेंबरच्या सुमाराला, माल कमी असताना, एक दिवस ठरवा. उरलेला माल चादरीत गुंडाळून टबात ठेवा, प्लग काढा, तळाचं बूच उघडा, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवून झाकण लावा. पंधरा-वीस मिनिटांत थर सुटू लागतो, तो प्लॅस्टिकच्या उलथण्याने ढकला. सुरी, स्क्रू ड्रायव्हर किंवा हातोडी कधीही लावायची नाही. गॅसच्या नळ्या आतल्या पत्र्याच्या लगेच मागे, फोममध्ये गाडलेल्या असतात. टोक लागून बारीकसं भोक पडलं की गॅस निघून जातो, आणि फोम फोडून नळी जोडायचा खर्च नव्या पेटीच्या जवळ जातो. बरीच चांगली यंत्रं अशीच भंगारात गेलेली आहेत.

घरात लहान मुलं असतील तर पेटी कायम कुलूपबंद ठेवा आणि किल्ली वर टांगा. पुढे कधी ती मोडीत काढाल तेव्हा ई-कचरा घेणाऱ्याला द्या, आणि अंगणात किंवा जिन्याखाली चार दिवस पडून राहणार असेल तर झाकण बिजागरीसकट काढून वेगळं ठेवा. आत शिरलेल्या मुलाला आतून ते उघडता येत नाही.